रायफलची काडतुसं घरी भरणं परवडतं का? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दोन परवान्याची हत्यारं आहेत: वडिलांच्या वेळची बारा बोअरची दुनळी आणि एक .३१५ रायफल. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) डिचोली तालुक्यात, रानाला लागून. भाचा अमेरिकेत कोलोराडोला असतो आणि गॅरेजमध्ये स्वतःच्या रायफलची काडतुसं स्वतः भरतो. २०१९ मध्ये मी त्याच्याकडे दोन महिने राहिलो आणि रोज संध्याकाळी त्याच्या बाकाशेजारी स्टूल टाकून बसलो. हात मात्र लावला नाही. पाहुणा म्हणून व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथे दारूगोळा हाताळायचा तर वेगळे नियम आहेत, आणि भाचा नियमांच्या बाबतीत माझ्या आईवर गेलाय. परत आल्यावर ही हकीकत चार ठिकाणी सांगितली आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. तेच इथे एकत्र करतोय.

काडतूस भरणं म्हणजे नेमकं काय करतात?

काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाची टोपी (आपल्याकडे कोणी केप म्हणतं, कोणी कॅप), आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाल्यावर टोपी, दारू आणि गोळी संपतात, पण पुंगळी उरते. काडतुसात सगळ्यात महाग बहुधा तीच असते, म्हणून ती पुन्हा वापरायची, एवढाच या उद्योगाचा पाया.

बार होताना पुंगळी फुगून नळीच्या घराला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, चिकटते. ती साच्यात दाबून मूळ मापावर आणतात, जुनी टोपी काढून नवी बसवतात, दारू काट्यावर तोलून भरतात आणि गोळी ठरल्या खोलीपर्यंत बसवतात. ऐकायला सोपं वाटतं. भाचा एका संध्याकाळी पन्नास भरायचा, आणि त्यातला निम्मा वेळ तोललेलं पुन्हा तोलण्यात जायचा.

'काडतूस' हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला, त्यांच्या 'कार्तुशु'वरून. जुन्या गोव्याजवळ त्यांचा दारूचा कारखानाही होता. आजच्या गोव्यात मात्र 'घरी दारू भरतो' म्हटलं की समोरचा हुर्राकची, म्हणजे काजूच्या दारूची, बाटली मागतो, म्हणून हा विषय तिसऱ्या माणसापुढे काढताना जरा जपून.

गोव्यात हे कायद्याने करता येतं का?

आपल्यासारख्या साध्या परवानाधारकाला नाही. हा प्रश्न खरं तर पहिला असायला हवा होता. पण लोक आधी पैशांचं विचारतात आणि कायद्याचं शेवटी, तेही आवाज खाली करून.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. तुमच्या हातातला परवाना हत्यार बाळगण्याचा आणि ठरावीक काडतुसं विकत घेण्याचा, कारखान्याचा नव्हे. विनापरवाना तयार केल्यास कलम २५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. 'मी स्वतःपुरतीच भरतो' हे वाक्य तिथे ढाल म्हणून चालेल, या भरवशावर मी तरी राहणार नाही.

पुढची गोष्ट फारच कमी लोकांना ठाऊक असते. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग येतात, आणि काडतुसं बनवण्याचं यंत्रही येतं. म्हणजे गोळी, टोपी, दारू यातलं काहीही घरात नसलं तरी ते प्रेस नावाचं लोखंडी धूड कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. शिवाय दारूवर १८८४ चा स्फोटक कायदा आहे तो वेगळा.

भाचा नाताळला येणार आहे. सामानात एक छोटा प्रेस आणायला सांगू का?

वरचं उत्तर पुन्हा वाचा.

दाबोळीला उतरा नाही तर मोपाला, सामान क्ष-किरणांखालूनच जातं. रानात वापरलेली पिशवी घेऊन विमानतळावर गेलेला आणि खिशाच्या शिवणीत एकच विसरलेलं काडतूस सापडून अडकलेला माणूस मला माहीत आहे. 'जाणीवपूर्वक ताबा' नव्हता हे न्यायालयात सिद्ध होईपर्यंत त्याची दोन वर्षं गेली. ते नुसतं विसरलेलं होतं. तुम्ही तर मागवून आणणार.

अमेरिकेत तरी परवडतं का? भाच्याचा हिशेब सांगा.

हा प्रश्न मला आवडतो, कारण याचं उत्तर 'कोणती रायफल आणि वर्षाला किती बार' यावर पूर्ण उलटंपालटं होतं.

भाच्याची रायफल .३०-०६ ची. शिकारीचं तयार काडतूस त्याला दोन डॉलरच्या आसपास पडतं. घरी भरायचं तर टोपीचे दहा सेंट आणि गोळीचे चाळीस-पन्नास. दारू तिथे पौंडावर विकतात आणि ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडात ७००० ग्रेन. हिशेबापुरते एका काडतुसाला ५० ग्रेन धरा (हा फक्त भागाकारासाठी घेतलेला आकडा आहे, भरण्याचा नव्हे), म्हणजे पौंडात १४० काडतुसं. पौंडाला ४५ डॉलर धरले तर एकाला बत्तीस-तेहेतीस सेंट. पुंगळी आधीच्या बाराची, म्हणून फुकट. एकूण ब्याऐंशी ते त्र्याण्णव सेंट. वाचला ढोबळ एक डॉलर.

आता दुसरी बाजू. प्रेस, साचे, काटा, पुंगळ्या धुण्याचं यंत्र, मापाची कॅलिपर आणि भरण्याची पुस्तकं यात त्याचे साधारण सहाशे डॉलर गेले. सहाशे काडतुसं भरली तेव्हा तो शून्यावर आला. तो वर्षाला तीन-चारशे बार करतो, म्हणजे दोन वर्षांत पैसे फिटले. वर्षाला वीस बार करणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याला तीस वर्षं लागतील, आणि त्याला साठी लागलीय.

वेळेची किंमत यात धरलेली नाही. भाच्याच्या बायकोने ती धरली होती, आणि तिचा आकडा मी इथे देत नाही.

स्वस्त, फौजी मापाची काडतुसं हजाराच्या पेटीत मिळत असतील तर भरण्याची मेहनत फुकट. उलट जुनी, दुर्मीळ किंवा मोठ्या शिकारीची मापं, जिथे एकेक तयार काडतूस चार-पाच डॉलरला पडतं, तिथे भरणाऱ्याचे पैसे पहिल्याच वर्षी वसूल होतात. तिथल्या जुन्या भरणाऱ्यांचं मत मात्र वेगळं. त्यांच्या मते भरायला लागल्यावर पैसे वाचत नाहीतच, त्याच पैशात माणूस दुप्पट बार करतो. भाच्याच्या बँकेचा तपशील मी पाहिलेला नाही, पण त्याच्या रिकाम्या डब्यांची रांग पाहिली आहे.

घरी भरलेलं काडतूस जास्त अचूक लागतं म्हणतात, ते खरं का?

पूर्वी हे बरंच खरं होतं. प्रत्येक नळीची आवडनिवड असते. एकाच कारखान्याच्या दोन रायफलींत एकच काडतूस सारखं लागत नाही. भरणारा गोळीचं वजन, दारूची जात आणि गोळी किती खोल बसवायची हे बदलत बदलत आपल्या नळीला मानवेल ते शोधतो. आज कारखान्यांची स्पर्धेसाठीची काडतुसं इतकी चांगली झालीत की फरक दाखवायला आधी नेमबाज तितका चांगला लागतो. आपल्यातल्या बहुतेकांचा हात काडतुसापेक्षा जास्त हलतो. माझा तर नक्कीच.

यात एक मोठी फसगत आहे. तीन गोळ्या मारायच्या, तिन्ही भोकं नाण्याखाली झाकली की म्हणायचं 'मिळालं!' दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातल्या तीन गोळ्या थाळीभर पसरतात. तीन बारांचा झुबका बहुतेक वेळा योगायोग असतो. दहा-दहा बारांचे झुबके दोन-तीन वेळा काढले तर काही कळतं, आणि तोवर त्या वाचवलेल्या डॉलरांचा धूर झालेला असतो. भाच्याने हे सहा महिन्यांनी मान्य केलं.

आपले ऑलिंपिकवाले नेमबाज तरी स्वतः भरत असतील ना?

नाही, आणि त्यांनी ठरवलं तरी जमणार नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकाराची) जगज्जेती झाली. या दोन्ही प्रकारांत .२२ चं काडतूस वापरतात. त्याला वेगळी टोपी नसतेच. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो आणि चाप ओढला की तो काठ ठेचला जातो. ती पुंगळी पुन्हा भरण्यासाठी केलेलीच नसते. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्ण तर एअर रायफलचं, तिथे दारूच नाही.

हे लोक करतात ते वेगळं. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या बॅचची काडतुसं आपल्या नळीतून मारून पाहतात आणि सगळ्यात चांगली लागलेली बॅच निवडून साठा घेतात. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीच्या नेमबाजाला आयातीसाठी आणि साठ्यासाठी सवलती आहेत, त्या त्याने आपल्या संघटनेमार्फत विचाराव्यात. कुळागरवाल्याला त्या लागू नाहीत.

माझी .३१५ आहे. तिच्या पुंगळ्या भरण्याजोग्या तरी असतात का?

कायदा बाजूला ठेवून, केवळ कारागिरी म्हणून विचारत असाल तर सांगतो.

.३१५ हे माप भारतात रुळलं त्यामागे एक कारण आहे. .३०३ हे फौजेचं माप, म्हणून सामान्य माणसाला ते बंद. त्याच ताकदीच्या आसपासचं पण फौजेत नसलेलं माप हवं होतं, ते .३१५. रायफल ईशापूरच्या कारखान्यातली आणि काडतुसं पुण्याजवळच्या खडकीची. बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसंही खडकीचीच. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हापासून काडतुसांचे कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे आहेत आणि रायफलींचे दुसऱ्या कंपनीकडे.

टोप्यांच्या दोन पद्धती आहेत. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यातून सुई घातली की जुनी टोपी खाली पडते. बर्डान पद्धतीत दोन बारीक भोकं बाजूला असतात आणि मध्ये ऐरणीसारखा उंचवटा, त्यामुळे टोपी काढणं जिकिरीचं. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज आणि बर्डान अमेरिकन, पण अमेरिका बॉक्सरची पद्धत वापरते आणि युरोपातल्या फौजांनी बर्डानची उचलली. घरी भरण्याचा छंद अमेरिकेतच एवढा फोफावला यात या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

शिवाय .३१५ ची पुंगळी काठाची. अशा पुंगळ्या बुडाच्या काठावर टेकतात, खांद्यापाशी (पुंगळी निमुळती होते तिथे) जागा सैल असली तर दर बाराला ताणल्या जातात, आणि बुडाच्या जरा वर आतून पातळ होत जातात. एक दिवस बूड वेगळं होतं आणि पुढचा भाग नळीत अडकतो. बाहेरून त्या जागी चकचकीत रेघ दिसते, आणि ती दिसली की पुंगळी मोडीत. भाचा आत वाकडी तार घालून खाच लागते का ते चाचपून बघायचा, आजी फणसाचा गरा चाचपायची तसा.

चुकलं तर काय होतं?

.३०-०६ मध्ये बार होताना दाब ६०,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला इतके पौंड) जातो. मोटारीच्या चाकात तो ३२ च्या आसपास असतो. हे सगळं तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर घडतं.

माणसं दोन चुका जास्त करतात. एक म्हणजे दारू भरायलाच विसरणं. टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन बसते, 'फुस्स' आवाज होतो, नेमबाजाला वाटतं बार फुसका निघाला आणि तो पुढचं काडतूस चढवतो. नळी बंद असताना तो बार झाला की नळी फुटते. दुसरी चूक चुकीच्या डब्यातली दारू. दिसायला सगळ्या दारू करड्या दाण्यांच्या, पण जळण्याचा वेग निराळा. पिस्तुलाची वेगाने जळणारी दारू रायफलच्या काडतुसात गेली तर बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) कुठे सापडेल सांगता येत नाही. म्हणून भाच्याचा नियम एक: बाकावर एका वेळी एकच डबा, आणि फोन दुसऱ्या खोलीत.

तिसरं नुकसान सावकाश होतं. टोपीच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं. पुंगळ्या साफ करताना त्याची धूळ उडते, हाताला लागते आणि चहाच्या कपातून पोटात जाते. बाकावर खाणंपिणं बंद, हे माझ्या भाच्यालासुद्धा डॉक्टरने रक्त तपासल्यावरच पटलं.

आपल्या पावसात काडतुसं टिकतात का?

घरी भरण्याचं सोडा, विकत घेतलेली काडतुसं नीट ठेवणं हे गोव्यातलं खरं काम. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जूनमध्ये चपलांना बुरशी येते तिथे पितळेला काय सोडणार.

पितळ आणि पाऊस यांची एक जुनी गोष्ट आहे, तीही हिंदुस्थानातलीच. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात मोहीम बंद असताना घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जायची. पाऊस सरल्यावर काढली की पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले असायचे. इंग्रजीत या तड्यांना ऋतूवरूनच नाव पडलं, आणि तो ऋतू आपला पावसाळा. कारण १९२१ च्या सुमारास नीट उलगडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. तेव्हापासून पुंगळीला ठरावीक तापमानाला शेक देऊन तो ताण काढतात.

यातून घरासाठी घ्यायचं ते असं. काडतुसं गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवू नका आणि खताच्या पोत्यांजवळ तर मुळीच नको. पितळ चकाकवायला अमोनियावालं पॉलिश वापरू नका, कोरडं फडकं पुरे. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्महिने खोचून ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेल्या रसायनांनी पितळावर हिरवा थर चढतो. आमच्या वडिलांचा तो देखणा पट्टा आता भिंतीवर रिकामा लटकतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि घरातलं थंड कपाट. मंगलोरी कौलांखालची माडी नको, एप्रिलात तिथे भट्टी पेटते. दारूला उष्णता मानवत नाही, ती आतून खराब होत जाते. हिरवट डाग पडलेलं, तडा गेलेलं किंवा गोळी सैल झालेलं काडतूस चढवायचं नाही.

आजोबांच्या पेटीत जुनी काडतुसं सापडली. फोडून दारू काढू का?

फोडू नका, मारून पाहू नका, आणि समुद्रात किंवा विहिरीतही टाकू नका. जुन्या घरांत असं सापडतं. कधी गोवा मुक्तीच्या आधीचं, कधी कुठल्या मापाचं तेही कळत नाही. ज्याच्या नावावर परवाना होता तो माणूस गेला की हत्यार आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायची, असं कायद्याचं कलम २१ सांगतं. आधी फोन करा आणि काय सापडलंय ते सांगा. पोतं खांद्यावर टाकून थेट ठाण्यात जाऊ नका. पावती घ्या.

रिकाम्या पुंगळ्यांचं काय करायचं?

मोजून डब्यात ठेवा. नवी काडतुसं घेताना हिशेब विचारला तर तो दाखवता आला पाहिजे. भंगारवाल्याला देऊ नका. सुटे भाग व्याख्येत येतात हे वर सांगितलंच. नातवाने एकदा शाळेच्या प्रकल्पासाठी मागितली होती. नाही म्हटलं, तो रुसला.

रानडुकरांसाठी भरायची असतील तर?

रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतं, गवारेडा तर पहिल्याच अनुसूचीत आणि शिवाय गोव्याचा राज्यप्राणी. पिकाची नासाडी झाली असेल तर वन खात्याकडे अर्ज आणि नुकसानभरपाई हा रस्ता. तो लांब आहे, मीही चाललोय. पण सत्तरी-सांग्यात रात्री बॅटरी घेऊन हिंडणाऱ्यांना या पानावरून काही मिळणार नाही.

मग नेम सुधारायला कमी खर्चात काय करावं?

.१७७ ची एअर रायफल. वीस जूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही, छर्ऱ्यांचा डबा काही शे रुपयांना मिळतो आणि घराच्या मागे, दगडी कुंपणापुढे जाड वाळूची पेटी ठेवून दहा मीटरवर रोज सराव होतो. चाप ओढताना श्वास कुठे धरायचा, दस्ता गालाला कसा लावायचा हे सगळं तिथेच घोटलं जातं. .३१५ चे वर्षाचे दहा बार तेवढ्याने जास्त उपयोगी पडतात. निवडणूक आली आणि हत्यार ठाण्यात जमा करावं लागलं तरी हा सराव चालू राहतो, हा आणखी एक फायदा.

भाचा अजून भरतो का?

भरतो. २०२० नंतर तिथे टोप्यांचा इतका तुटवडा पडला की वर्षभर त्याचा प्रेस झाकून होता. आता पुन्हा मिळतात, दुपटीच्या भावाने. मागच्या चवथीला व्हिडिओ कॉलवर त्याने नवा काटा दाखवला, ग्रेनचा दहावा भाग मोजणारा. मामीने मागून विचारलं, याच्यावर खोबरं तोलता येईल का.